तोस्काच्या घड्याळाप्रमाणे रोम: दुपार, रात्र आणि पहाट

ऑपेऱ्याची गोष्ट बहुधा 'कोणे एके काळी' घडते. इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या 'तोस्का'ला मात्र पत्ता आहे, महिना आहे आणि घड्याळसुद्धा आहे. गाव रोम, जून १८००. पहिला अंक सांताआंद्रेआ देल्ला वाल्ले या चर्चमध्ये दुपारी, दुसरा पालाझ्झो फार्नेझे या राजवाड्यात रात्री आणि तिसरा कास्तेल सांताआंजेलो या किल्ल्याच्या गच्चीवर पहाटे. तिन्ही वास्तू आजही उभ्या आहेत. चर्चपासून किल्ल्यापर्यंत हवाई अंतर भरतं जेमतेम १ किलोमीटर.

गोष्ट थोडक्यात अशी. आंजेलोत्ती हा फ्रेंचांच्या जोरावर आलेल्या आणि नुकत्याच पाडाव झालेल्या रोमन प्रजासत्ताकाचा कॉन्सल, म्हणजे राज्यकर्त्यांपैकी एक. तो किल्ल्याच्या तुरुंगातून निसटून चर्चमध्ये लपतो. तिथे चित्र रंगवणारा कावारादोस्सी त्याला आसरा देतो. पोलीसप्रमुख स्कार्पिया चित्रकाराला पकडतो, त्याचा छळ करतो आणि त्याची प्रेयसी, गायिका फ्लोरिया तोस्का, हिच्याशी प्राणांच्या बदल्यात शरीराचा सौदा मांडतो. ती स्कार्पियाला भोसकते. पण कावारादोस्सीवरचा गोळीबार 'खोटा' असणार हे स्कार्पियाचं वचनच खोटं निघतं, तो मारला जातो आणि ती गच्चीवरून उडी घेते.

या जागा तिकीट काढून तासाभरात उरकायच्या नव्हेत. तिन्ही ठिकाणी त्या त्या अंकाच्या वेळेलाच पोहोचायचं, असं ठरवून हा तीन दिवसांचा आराखडा केला आहे.

निघण्याआधी

तीन गोष्टी चुकल्या की सगळा बेत फसतो. पहिली, पालाझ्झो फार्नेझे ही फ्रान्सची वकिलात आहे. दारात जाऊन तिकीट मिळत नाही. वाटाड्यासोबतच्या फेरीचं आरक्षण आधी करावं लागतं आणि आत जाताना मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. पासपोर्टची फोटोप्रत खिशात आणि मूळ पासपोर्ट हॉटेलात, ही हमखास होणारी चूक. विमानाच्या तिकिटाआधी हे आरक्षण बघा, कारण बाकी सगळं त्याभोवती हलवता येतं. दुसरी, किल्ला नेहमीच्या आठवड्यात सोमवारी बंद असतो, म्हणून तिसरा दिवस सोमवारी येऊ देऊ नका. तिसरी, चर्च दुपारी काही तास बंद होतं. अकराच्या सुमारास आत असलात तर निवांत बघता येतं. साडेबाराला पोहोचलात तर दार लोटलेलं दिसण्याची शक्यता जास्त.

मुक्काम काम्पो दे फियोरी या चौकाच्या आसपास असावा. तेर्मिनी स्टेशनजवळ खोल्या स्वस्त पडतात, पण तिसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी किल्ल्यासमोरच्या पुलावर पोहोचायचं आहे आणि त्या वेळी बसचा भरवसा धरता येत नाही.

पहिला दिवस: जिथे पडदा पहिल्यांदा वर गेला

पोहोचण्याचा दिवस असल्याने हलकं काम. तेर्मिनी स्टेशनातून चालत पाच-सात मिनिटांवर रोमचं ऑपेरागृह आहे. १८८० मध्ये ते उघडलं तेव्हा बांधणाऱ्या दोमेनिको कोस्तांझीच्या नावाने तेआत्रो कोस्तांझी म्हणून ओळखलं जाई. आजचं सपाट, रुक्ष दर्शनी रूप विसाव्या शतकातलं आहे. ते बघून हिरमुसू नका. जुनं सौंदर्य आत आहे, प्रेक्षागृहात.

१४ जानेवारी १९०० रोजी इथे 'तोस्का'चा पहिला प्रयोग झाला. तोस्काच्या भूमिकेत हारिक्लेआ दार्क्ले, वाद्यवृंद संचालक लेओपोल्दो मुन्योने. इटलीत तेव्हा अराजकवाद्यांच्या बॉम्बची धास्ती होती आणि राणी मार्गेरिताही प्रयोगाला येणार होती. सुरुवातीलाच सभागृहात गलका झाला, पडदा पाडावा लागला. उशिरा आलेल्या प्रेक्षकांची ती गडबड होती, असं निघालं आणि प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. धास्ती उगाच नव्हती. त्याच वर्षी २९ जुलैला राजा उम्बेर्तो पहिला याचा मोंझा इथे खून झाला. छळ, तुरुंग आणि गोळीबाराचा हा ऑपेरा रोमने पहिल्यांदा पाहिला तो अशा वातावरणात.

मूळ नेपथ्य आडोल्फ होहेनश्टाइन यांचं. त्यांच्या आराखड्यांवरून याच ऑपेरागृहाने २०१५ मध्ये ते जसंच्या तसं पुन्हा उभं केलं. तुमच्या तारखांना हा प्रयोग लागला असेल तर तो पहिल्याच रात्री बघा. रंगवलेलं चर्च आधी आणि दगडाचं नंतर, हा क्रम फार उपयोगी पडतो. कुठे काय बदललं ते डोळा आपोआप टिपतो.

दुसरा दिवस, दुपार: सांताआंद्रेआ देल्ला वाल्ले

तेर्मिनीहून ६४ क्रमांकाची बस कोर्सो वित्तोरियो एमानुएले या रस्त्यावरून चर्चजवळून जाते. या बसमध्ये खिसेकापूंचा सुळसुळाट आहे. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. उतरल्यावर समोर दिसणारा रुंद रस्ता मनातून पुसून टाका. तो १८७० नंतर, रोम इटलीची राजधानी झाल्यावर पाडापाडी करून काढला. चर्चसमोरचं कारंजंही मूळचं इथलं नाही, व्हॅटिकनजवळचा एक चौक पाडला तेव्हाचं आहे. १८०० मध्ये इथे अरुंद गल्ल्यांची दाटी होती. पळून आलेला माणूस दिसेनासा व्हायला जागा अगदी योग्य.

आत शिरल्यावर बहुतेक जण 'आत्तावान्ती चॅपेल कुठे?' असं विचारतात. ऑपेऱ्यात आंजेलोत्तीची बहीण, मार्किझा आत्तावान्ती, कुटुंबाच्या चॅपेलची किल्ली मेरीच्या मूर्तीच्या पायाशी लपवून ठेवते. असं चॅपेल या चर्चमध्ये नाही आणि कधी नव्हतंही. वाटाडे डावीकडच्या पहिल्या, बार्बेरिनी घराण्याच्या चॅपेलकडे बोट दाखवतात. संगमरवराने मढवलेलं हे चॅपेल सुंदर आहे आणि लपायला पुरेसं खोलही आहे, पण नातं एवढंच.

मुळात हे चर्चच बदललेलं आहे. ऑपेरा ज्या फ्रेंच नाटकावर बेतला, ते व्हिक्तोरियाँ सार्दूचं नाटक १८८७ मध्ये पॅरिसला सारा बर्नहार्टने गाजवलं. त्यात पहिला अंक सांताआंद्रेआ आल क्विरिनाले या छोट्या चर्चमध्ये होता. इल्लिका आणि जाकोझा या संहिताकारांनी नावातला सांताआंद्रेआ ठेवला आणि इमारत बदलली. निर्णय योग्यच होता. अंकाच्या शेवटी कार्डिनल, धर्मगुरू, गायकवृंद आणि सगळा जमाव यांची 'ते देउम' या लॅटिन स्तुतिस्तोत्राची मिरवणूक येते. बेर्निनीच्या त्या लंबगोल, नाजूक चर्चमध्ये ती मावलीच नसती. इथे मध्यभागी उभं राहून वर पाहा: कार्लो मादेर्नोचा प्रचंड घुमट, त्यात लान्फ्रांकोने १६२५ ते १६२७ या काळात रंगवलेला स्वर्ग आणि घुमटाखालच्या चार कोपऱ्यांत दोमेनिकिनोचे चार सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ताची चरित्रं लिहिणारे संत. स्कार्पियाचा आवाज जमावाच्या प्रार्थनेवर चढत जातो तो या उंचीखाली. दिवा लावायला नाणं टाकायची पेटी असेल तिथे उपयोगी पडतील म्हणून एक-दोन युरोची सुटी नाणी जवळ असू द्या. अंधारात वरचं काही कळत नाही.

आता खरा इतिहास, कारण तो याच अंकात दडला आहे. फेब्रुवारी १७९८ मध्ये फ्रेंच फौजा रोममध्ये शिरल्या आणि प्रजासत्ताक जाहीर झालं. पोप पायस सहावा याला शहराबाहेर नेलं. तो फ्रान्समध्ये वालाँस इथे ऑगस्ट १७९९ मध्ये कैदेतच वारला. सप्टेंबर १७९९ च्या अखेरीस फ्रेंच गेले आणि नेपल्सच्या राजाचं सैन्य आलं. नवा पोप पायस सातवा मार्च १८०० मध्ये निवडला गेला तो व्हेनिसला, आणि रोममध्ये पोहोचला ३ जुलैला. म्हणजे 'तोस्का'च्या जूनमध्ये रोममध्ये ना प्रजासत्ताक होतं, ना पोप. नेपल्सची लष्करी सत्ता होती आणि काल प्रजासत्ताकाची बाजू घेतलेला प्रत्येक जण जीव मुठीत धरून होता. या मधल्या फटीतच स्कार्पियासारखा माणूस फोफावतो. ही फट लक्षात घेतली नाही तर ऑपेरा नुसता भडक वाटतो. घेतली तर त्यातला एकेक शब्द अंगावर येतो.

आंजेलोत्तीमागे खरा माणूस शोधायचा तर लिबोरियो आंजेलुच्ची हे नाव पुढे येतं. पेशाने वैद्य, प्रजासत्ताकाचा कॉन्सल. तो मात्र या धामधुमीतून वाचला. स्कार्पिया हे नाव 'शार्पा' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या, नेपल्सच्या राजाच्या बाजूने लढलेल्या टोळीप्रमुखावरून सुचलं असावं, असं मानतात. कावारादोस्सी आणि तोस्का काल्पनिकच.

'ते देउम' कशासाठी, तर बोनापार्ट हरल्याची बातमी आली म्हणून. १४ जून १८०० ला, शनिवारी, उत्तर इटलीत मारेंगोला लढाई झाली. दुपारी तीनच्या सुमारास ऑस्ट्रियाचा वयोवृद्ध सेनापती मेलास जिंकल्यात जमा होता. पाठलागाचं काम हाताखालच्यांवर सोपवून तो मागे आलेस्सांद्रियाला निघून गेला. संध्याकाळी पाचच्या सुमारास फ्रेंच सेनानी देसेची ताजी कुमक पोहोचली आणि पारडं फिरलं. देसे स्वतः पडला, पण रात्र व्हायच्या आत लढाई फ्रेंचांची झाली. दुसऱ्या दिवशी मेलासने तह केला. बातमी घोड्याच्या पायाने चालायची, त्यामुळे आधी विजयाची आणि मागून पराभवाची बातमी येणं अगदी शक्य होतं. सार्दूने नाटकाचा दिवस १७ जून धरला आहे. पहिल्या अंकातला जल्लोष खोट्या बातमीवर उभा आहे आणि दुसऱ्या अंकात छळाने अर्धमेला झालेला कावारादोस्सी खरी बातमी ऐकून 'विजय!' म्हणून ओरडतो.

एक बारकावा मिरवणुकीचा. रंगमंचावर पोपचे रक्षक असलेले स्विस गार्ड दिसतात; पुच्चिनीने त्यांच्या पोशाखाची नीट चौकशी केली होती. पण ते पथक फ्रेंचांनी १७९८ मध्येच बरखास्त केलं होतं आणि नव्या पोपच्या कारकिर्दीत ते परत उभं राहिलं. त्या जूनच्या दुपारी चर्चमध्ये स्विस गार्ड असणं अवघडच.

बाराला अँजेलसची घंटा होते. चर्चचा सेवेकरी गुडघे टेकून जी प्रार्थना पुटपुटतो, ती याच वेळची. मग बाहेर पडून पूर्वेला थोड्याच अंतरावर तेआत्रो आर्जेंतिना बाहेरून बघून घ्या. १७३२ चं हे नाट्यगृह या फेरीत का, तर पोपच्या रोममध्ये स्त्रियांना रंगमंचावर गायची बंदी होती. नायिकांची कामं लहानपणी खच्ची केलेले पुरुष गायक करत. ही बंदी उठली ती १७९८ मध्ये, फ्रेंच आल्यावर. म्हणजे फ्लोरिया तोस्का रोममध्ये प्रसिद्ध गायिका असू शकते ती याच दोन वर्षांत. ती मनाने भाविक आणि पोपनिष्ठ, पण तिचं गाणं मात्र प्रजासत्ताकाची देणगी. ऑपेऱ्यात हे कोणी बोलून दाखवत नाही.

दुसरा दिवस, रात्र: पालाझ्झो फार्नेझे

आतली फेरी दिवसा होते, तेव्हा मिळेल त्या वेळेची घ्या. पण रात्री चौकात परत यायचंच. चर्चमागच्या गल्ल्यांतून काम्पो दे फियोरी ओलांडलं की सहा-सात मिनिटांत पियात्झा फार्नेझे लागते.

इमारत आंतोनियो दा सांगाल्लो धाकटा याची, वरची जाडजूड कंगणी मायकेलअँजेलोची. आतलं मोलाचं दालन म्हणजे आन्नीबाले कार्राच्चीचं रंगवलेलं छत. फेरीत मोठ्या दिवाणखान्यातला हर्क्युलिसचा पुतळा बघताना एवढं लक्षात ठेवा: ही नक्कल आहे, अस्सल पुतळा नेपल्सला आहे. फार्नेझे घराण्याचा वारसा लग्नसंबंधातून नेपल्सच्या बूर्बाँ राजांकडे गेला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी इथली प्राचीन शिल्पं आपल्या राजधानीत हलवली. १८०० मध्ये हा वाडा नेपल्सच्या राजाचा होता. नेपल्सच्या पोलीसप्रमुखाचं दालन इथे असणं म्हणूनच पटतं. सार्दूच्या नाटकात स्कार्पिया किल्ल्यात राहतो आणि त्याचा खूनही तिथेच होतो. संहिताकारांनी नेपल्सच्या राणीची मेजवानी आणि स्कार्पियाचं जेवण एकाच छताखाली आणलं. त्यामुळे खालून उघड्या खिडकीतून तोस्काचं गाणं वर येतं आणि वर तिच्या प्रियकराची चौकशी चाललेली असते. स्कार्पिया वैतागून खिडकी लावतो आणि गाणं तुटतं. संपूर्ण अंकातली सगळ्यांत धारदार क्षणांपैकी ही एक जागा, आणि ती नाटकात नाही, वास्तूच्या या फेरबदलातून जन्मली आहे.

राणी मारिया कारोलिना मात्र त्या रात्री रोममध्ये नव्हती. व्हिएन्नाला जायला निघालेली ती १४ जूनला ब्रिटिश नौसेनानी नेल्सन आणि हॅमिल्टन दांपत्यासह समुद्रमार्गे लिव्होर्नोला पोहोचली होती. सार्दूने लेडी हॅमिल्टनलाही गोवलं आहे: आंजेलोत्तीचा खरा गुन्हा हा की, तिचं पूर्वायुष्य त्याला माहीत होतं. ऑपेऱ्यात हा धागा गाळला. काही बिघडलं नाही.

रात्री नऊनंतर चौकातल्या कारंज्याजवळच्या दगडी बाकावर बसा. ही दोन्ही कारंजी काराकाल्लाच्या स्नानगृहातल्या ग्रॅनाइटच्या टाक्यांची आहेत. वाड्यात दिवे लागले असतील तर पहिल्या मजल्याच्या उंच खिडक्यांतून कोरीव लाकडी छत दिसतं. चौक शांत असतो, बोललेलं भिंतींवरून परत येतं. दुसरा अंक हेडफोनवर ऐकायचा तर इथेच.

तिसरा दिवस, पहाट: पूल

'बादा, ऑल ओरा क्वार्ता', चौथ्या तासाला, असं स्कार्पिया बजावतो. इथे एक गोम आहे. जुन्या रोममध्ये तास सूर्यास्तापासून मोजत. त्या हिशेबाने जूनमधला 'चौथा तास' मध्यरात्रीच्या आसपास येतो. ऑपेऱ्यात मात्र चार वाजतात आणि फटफटायला लागतं, म्हणजे हे फ्रेंच पद्धतीचे, मध्यरात्रीपासून मोजलेले चार. सूर्यघड्याळाचे पहाटेचे चार म्हणजे आजच्या उन्हाळी घड्याळाचे सुमारे ५ वाजून १० मिनिटं. जूनच्या मध्यात सूर्य उगवतो साडेपाचनंतर लगेच. म्हणून जूनमध्ये पाचला पुलावर उभं राहायचं. जानेवारीत साडेसहा चालतील.

वाटेने जाताना व्हिया जूलिया धरा. ती फार्नेझे वाड्याच्या पाठीमागून कमानीखालून सरळ जाते, साधारण १ किलोमीटर. वाटेत १६५५ च्या सुमाराचा 'नवा तुरुंग' लागतो. जून १८०० मध्ये सामान्य गुन्हेगार इथे असत. किल्ला राजकीय आणि बड्या कैद्यांसाठी. पुलाच्या अलीकडच्या टोकाला जाहीर देहदंडाची जागा होती. बेआत्रिचे चेंची या उमराव घराण्यातल्या तरुणीचं शिर १५९९ मध्ये इथेच उडवलं.

किल्ला नऊला उघडतो, त्यामुळे पहाट गच्चीवरून अनुभवता येत नाही. मग पुलावर बेर्निनीच्या देवदूतांमध्ये उभं राहून कान द्यायचा. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला जवळच्या-लांबच्या चर्चच्या घंटा एकेक करून वाजतात. पुच्चिनी त्या ऐकायला स्वतः किल्ल्यावर आला होता. सेंट पीटरच्या सगळ्यांत मोठ्या घंटेचा सूर कोणता, हे त्याने पानिकेल्ली या ओळखीच्या धर्मगुरूमार्फत विचारून घेतलं. उत्तर आलं, खालचा 'मी', म्हणजे पाश्चात्त्य स्वरांतला 'ई'. तोच सूर त्याने लिहिला. ही घंटा साधारण ९ टनांची आहे आणि ती फक्त मोठ्या सणांना वाजते, जसं नाताळ, ईस्टर किंवा २९ जूनचा पीटर-पॉलचा दिवस. बाकी दिवशी आजूबाजूच्या चर्चच्या घंटा ऐकू येतील, पण तो खालचा 'मी' ऐकायचा तर तारीख बघून या. मेंढपाळ पोराचं गाणं रोमच्या बोलीत आहे. शब्द जिज्जी झानात्झो या तिथल्याच कवीचे.

जुलै १९९२ मध्ये हा ऑपेरा प्रत्यक्ष या तीन जागी आणि याच वेळांना गाऊन दूरचित्रवाणीवर थेट दाखवला गेला. दुपारचा अंक दुपारी, पहाटेचा पहाटे. गायक चर्चमध्ये, वाड्यात आणि गच्चीवर. वाद्यवृंद मात्र शहरात दुसरीकडे, स्टुडिओत. दोघांना एका तालात बांधून ठेवणारे संचालक होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. गायकांना त्यांचा हात पडद्यांवर दिसायचा आणि त्यांना गायकांचा आवाज तारेवरून यायचा. चालत मोजलेलं हे अंतर लक्षात ठेवून ते चित्रण बघा, म्हणजे काय जिकिरीचं काम होतं ते उमगतं.

तिसरा दिवस, सकाळ: गच्ची

नऊला आत शिरायचं. खाली हेड्रियन बादशहाच्या समाधीचा वळणदार चढ, सव्वाशे मीटरच्या आसपास, तोही अंधारा. पायांत सपाट तळव्याचे बूट असू द्या, विटा झिजल्या आहेत. मग तुरुंगाच्या खोल्या आणि शेवटी देवदूताची गच्ची. वरचा काशाचा देवदूत अठराव्या शतकाच्या मध्यात बसवला, म्हणजे कावारादोस्सीने पाहिला असता तो हाच. शेजारची घंटा देहदंडाची वर्दी द्यायची.

आता कठड्याशी जा. तोस्काने टायबर नदीत उडी घेतली, असं सर्रास सांगितलं जातं. संहितेत नदीचं नाव नाही, ती फक्त कठड्यावरून झेप घेते. वरून बघितलं की कारण कळतं: खाली आणखी गच्च्या, मग तटबंदी, आणि नदी त्यापलीकडे. पडणारा माणूस दगडावरच पडेल. हा घोळ सार्दूचा. जानेवारी १८९९ मध्ये पुच्चिनी त्याला पॅरिसला भेटला तेव्हा सार्दूने नेपथ्याची कल्पना मांडली: सेंट पीटर आणि किल्ला यांच्या मधून नदी वाहते आहे. पुच्चिनीने सांगितलं, नदी त्या बाजूला नाहीच. सार्दूचं उत्तर, 'ते काही नाही हो!' पुच्चिनीने हा प्रसंग प्रकाशक रिकोर्दीला पत्रातून कळवला.

पश्चिमेला सेंट पीटरचा घुमट, मध्ये फक्त घरं आणि रस्ता. वळून आग्नेयेला बघा: छपरांच्या गर्दीत सांताआंद्रेआचा घुमट ओळखू येतो, फार्नेझेची कंगणी त्याच्या उजव्या अंगाला. बारापर्यंत थांबलात तर जानिकोलो टेकडीवरून दुपारची तोफ ऐकू येते. १८४७ पासून १९०३ पर्यंत ती याच किल्ल्यावरून उडवत असत. पुच्चिनी घंटा ऐकायला आला तेव्हा दुपारी बाराचा तो आवाज इथूनच निघत होता.